सात नंबरच्या कार्टने खाल्लेले तीन क्लच

जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. जुन्या बेकलाइटच्या स्विचमध्ये ठिणगी पडल्यावर येतो, तसला. तसा तो यायचाच, कारण क्लचचं लायनिंग बांधून ठेवणारं रेझिनही त्याच कुळातलं असतं. मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी पिटमध्ये तो वास तिसऱ्यांदा आला, तेव्हा आप्पांनी हातातल्या कार्ब्युरेटरवरून नजर न उचलताच विचारलं, "सातच ना?"

सातच होती.

हा गो-कार्टचा, म्हणजे जमिनीलगत पळणाऱ्या छोट्या उघड्या गाड्यांचा ट्रॅक पुण्याच्या बाहेर आहे. मालक ओळखीचे आहेत, त्यामुळे नाव-गाव सांगत नाही. आठ कार्ट आहेत. आठवडाभर हौशी गिऱ्हाईक असतं आणि महिन्यातल्या एका रविवारी त्याच गाड्यांवर क्लबच्या मंडळींची दोन तासांची एन्ड्युरन्स रेस होते. माझी नोकरी चाकणला. सुटीच्या दिवशी या गाड्यांची मोजमापं आणि नोंदवही बघणं हा माझा छंद म्हणा, नाहीतर जोडधंदा. खरं हाताचं काम आप्पांचं. आप्पा इचलकरंजीकडचे. त्यांनी हात बसवला तो लूनांवर, आणि लूनामध्येही आपोआप धरणारा सेंट्रिफ्युगल क्लचच असायचा. त्यामुळे 'रेसिंग कार्टचा क्लच' या शब्दांचं त्यांना कधीच अप्रूप वाटलं नाही.

यंत्र तसं साधं आहे. होंडाचं जीएक्स २०० इंजिन, १९६ सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. पंप आणि जनित्रं चालवण्यासाठी बनवलेलं, पण जगभरच्या भाड्याच्या कार्टमध्ये जाऊन बसलेलं. ३६०० आरपीएमला साडेपाच घोड्यांची ताकद आणि २५०० च्या आसपास सर्वाधिक टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवायचा जोर, १२.४ न्यूटन-मीटर. आयडलिंग १४०० वर. क्रँकशाफ्टच्या टोकाला कोरडा क्लच, क्लचच्या ड्रमला २० दात्यांचं स्प्रॉकेट आणि तिथून चेन मागच्या एक्सलवरच्या ६० दात्यांच्या स्प्रॉकेटला. गिअर नाहीत, डिफरन्शियल नाही. मागचं टायर ११ इंची, म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण ८८ सेंटिमीटर पुढे जाते.

क्लचमध्ये शू असतात आणि त्यांना आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा असतात. शाफ्ट वेगाने फिरला की शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून घासायला लागतात. फेकणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे ध्यानात ठेवायला हवं. आमच्या गाड्यांचा क्लच १९०० ला धरायला लागतो. ३६०० पर्यंत जोर तिथल्या साडेतीन पटींहून जास्त होतो, म्हणून वरच्या वेगात धडधाकट क्लच घसरायचं कारणच नसतं. अडचण असते ती १९०० आणि साधारण २४५० यांच्या मधल्या पट्ट्यात. तिथे इंजिन पुढे असतं, ड्रम मागे असतो आणि दोन्हींच्या वेगातल्या फरकाची उष्णता होते. गाडी उभी असताना ब्रेक दाबून कोणी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर २५०० आरपीएमला ही उष्णता तीन किलोवॅटच्या पुढे जाते. बाथरूममधल्या इन्स्टंट गिझरएवढी, आणि तीही मुठीत मावेल एवढ्या लोखंडात.

सात नंबरचा पहिला क्लच जानेवारीच्या अखेरीस गेला. तोपर्यंत दीड हंगाम चालला होता, त्यामुळे कोणी फारसा विचार केला नाही. ड्रम निळा पडला होता. पोलाद तापवलं की सव्वादोनशे अंशांच्या आसपास त्यावर फिकट पिवळा रंग येतो आणि तीनशेच्या आगेमागे निळा, तेव्हा ड्रम किती तापला होता ते उघडच होतं. लायनिंगवर काचेसारखी चकाकी चढली होती. आप्पांनी नवा क्लच बसवला आणि गाडी बाहेर काढली.

दुसरा तीन आठवड्यांत गेला.

इथे माझी चूक. तक्रार अशी होती, की गाडी वळणातून बाहेर पडताना 'उठत' नाही. इंजिन ओरडतं, गाडी मागे राहते. मी टू-स्ट्रोक रेसिंग कार्ट थोड्या जवळून पाहिल्यात. त्यांत क्लच बराच वरच्या आरपीएमला धरतो. रोटॅक्स मॅक्स या टू-स्ट्रोक कार्टच्या स्पर्धेत तर तो जास्तीत जास्त ४००० ला धरलाच पाहिजे असा नियमच आहे, कारण लोकांना तो अजून वर न्यायचा मोह होतो. ते डोक्यात ठेवून मी आप्पांना म्हटलं, सातला जरा कडक स्प्रिंगा घालून बघू. इंजिन टॉर्कच्या शिखराजवळ आल्यावरच धरेल, म्हणजे उठाव मिळेल. आप्पा म्हणाले, "घालू की. पण साहेब, लूनाला कडक स्प्रिंग घातली की पोरं आठ दिवसांत परत यायची."

आठ नाही, नऊ दिवस लागले.

नंतर कागदावर आकडे मांडले तेव्हा माझीच मला लाज वाटली. मूळ स्प्रिंगांवर क्लच २४५० ला पूर्ण धरायचा, म्हणजे गाडीचा वेग ४३ किलोमीटरच्या आसपास आला की घसरणं बंद. कडक स्प्रिंगांवर तोच बिंदू २९०० वर गेला, म्हणजे ५१ किलोमीटरवर. आमच्या ट्रॅकला दोन हेअरपिन, म्हणजे पूर्ण उलट फिरवणारी वळणं आहेत, तिथे वेग पंचविसाच्या खाली येतो, आणि सर्वांत लांब सरळ रस्त्यावर गाड्या कशाबशा पंचावन्नला पोचतात. म्हणजे माझ्या सल्ल्यानंतर तो क्लच जवळजवळ आख्खा लॅप घसरतच फिरत होता. रोटॅक्सचं इंजिन दहा हजारांच्या वर पळतं, ते चार हजारांची मर्यादा एका क्षणात मागे टाकतं. आमचं इंजिन ३६०० ला संपतं. तिथलं शहाणपण इथे उपयोगाचं नव्हतं.

तिसरा क्लच मूळ स्प्रिंगांवर बसवला. त्याच्याआधी मात्र संशयितांची रांग लावली. पहिला संशय गिऱ्हाइकावर. ट्रॅकवाल्यांचा तो ठरलेलाच असतो आणि पुष्कळदा खराही असतो. कार्टमध्ये डाव्या पायाने ब्रेक, उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर. मोटार चालवणाऱ्याला ब्रेकवर डावा पाय ठेवायची सवय नसते आणि तो घाबरला की दोन्ही पाय एकदम दाबतो. पण गाड्या चिठ्ठीने दिल्या जातात. वाईट चालवणारे नेमके सातच्याच वाट्याला कसे येतील?

दुसरा संशय तेलावर. क्रँकशाफ्टचं ऑइल सील झिरपलं किंवा कोणी चेनवर हात सैल सोडून तेल मारलं, तर ते ड्रममध्ये शिरतं आणि शू घसरतात. सातच्या क्लचमागे ओलसर काळा थर होता, हे खरं. सील बदललं. (तो थर बहुतेक बुशच्या तेलाचा होता. ड्रमच्या मधोमध जे कांस्याचं बुश असतं त्याला दर रेसच्या दिवशी दोन-तीन थेंब तेल लागतं. मदतनीस मुलं हौसेने दहा घालतात. आणि हे बुश झिजतं ते गाडी उभी असताना, कारण तेव्हा ड्रम थांबलेला असतो आणि शाफ्ट आत फिरत असतो. क्लच पूर्ण धरला की दोघं एकत्रच फिरतात, घासायला काही उरतच नाही. पिटच्या रांगेत दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.)

तिसरा संशय आयडलिंगवर. ते १४०० ऐवजी १८०० वर ठेवलेलं असेल तर उभ्या गाडीतही शू ड्रमला चाटत राहतात. स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅकोमीटर लावला, तर आकडा १४५० निघाला. चेन सरळ रेषेत, स्प्रॉकेट डगमगत नव्हतं, क्लचला शाफ्टवर अडकवून ठेवणारी चावी जागच्या जागी. मागची चाकं उचलून हाताने फिरवली, मोकळी फिरली. आप्पांनी गाडीत बसून हळूहळू रेस वाढवली, तर गाडी १९०० च्या किंचित वर हलली. ब्रेक दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, जेमतेम दोन सेकंद, सुई २४५० वर थांबली. ही चाचणी दोन सेकंदांच्या वर करू नये, नाहीतर तपासणीतच क्लच जायचा. सगळं जसं असायला हवं तसंच.

आणि तरी मार्चमध्ये वास आलाच.

त्या शनिवारी मी गन थर्मामीटर घेऊन बसलो. चकचकीत पोलादावर ही गन खोटा आकडा दाखवते, म्हणून आधी आठही ड्रमच्या कडेला उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचे ठिपके दिले. दहा मिनिटांचं सेशन संपून गाड्या आत आल्या की गाडी थांबल्याथांबल्या मोजायचं. बाकीच्या सातही गाड्यांचे ड्रम ९५ ते १२० अंशांच्या मध्ये. सात नंबरचा पहिल्याच सेशनला १६५, तिसऱ्याला २१०. लॅपच्या वेळा काढल्या, तर त्यात एक गोष्ट होती आणि ती आम्ही आधी बघायला हवी होती. पहिले दोन-तीन लॅप ही गाडी बाकीच्यांच्या बरोबरीने जात होती. चौथ्या-पाचव्या लॅपपासून मागे पडत होती, दीड-दोन सेकंदांनी. मालकांचं म्हणणं, बरोबरच आहे, क्लच तापला की घसरतो आणि घसरला की गाडी हळू होते.

ते ऐकायला इतकं सरळ होतं, की महिनाभर आम्ही सगळे त्याच्याच मागे चाललो होतो.

गाड्या ढकलून रांगेत लावणारा एक पोरगा आहे. तो मला गनशी खेळताना बघत उभा होता. म्हणाला, "दुपारनंतर ही लई जड होती ढकलायला. सकाळी हलकी असती." आप्पांनी कार्ब्युरेटर खाली ठेवला.

सामान तोलायचा हुकाचा ताणकाटा ऑफिसात होता. तो पुढच्या बंपरला अडकवून, गाडीत माणूस बसवून, सपाट काँक्रीटवर संथ ओढायची. गाडी आणि माणूस मिळून सव्वादोनशे किलो. चार नंबर ओढायला सहा किलोचा जोर लागला. थंड सात नंबरलाही सहाच. मग सातला एका सेशनला पाठवली आणि आत आल्याबरोबर ओढली. पंधरा.

त्या नऊ किलोंचा हिशोब मी तिथेच बिलाच्या पाठीवर केला. ताशी ३० किलोमीटरला नऊ किलोचा अडथळा ओढायला बरोबर एक घोडा लागतो. साडेपाचातला एक घोडा कोणीतरी खात होतं. पण क्लचच्या दृष्टीने गोष्ट त्याहून वाईट होती. वळणातून बाहेर पडताना, क्लच घसरत असताना, इंजिनचा टॉर्क तिप्पट होऊन चाकाशी येतो तेव्हा जमिनीवर मिळणारा जोर असतो जेमतेम २६ किलोचा. त्यातले सहा नेहमीच्या घर्षणाला जातात आणि वेग वाढवायला वीस उरतात. सातमध्ये उरत होते अकरा. म्हणजे पंचविसावरून त्रेचाळीसवर पोचायला जवळजवळ दुप्पट वेळ, तितकाच वेळ क्लच घसरत, आणि तितकीच जास्त उष्णता. दर लॅपला दोन हेअरपिन, दर सेशनला पंधरा-सोळा लॅप. गाडी हळू होत होती म्हणून क्लच घसरत होता. आम्ही ते उलटं वाचत होतो.

अडथळा कुठे आहे हे शोधायला आप्पांना तीन मिनिटं लागली. मागचं चाक उचललं, गरम असताना ते हाताने फिरेना. कॅलिपरचा हवा काढायचा निपल पाव फेरा सैल केला. ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे पॅड अडकले नव्हते, कॅलिपरचे पिस्टनही जाम नव्हते. पाइपात दाब कोंडला होता.

मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असतं, ते वरच्या ऑइलच्या टाकीत उघडतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येतो, छिद्र उघडं पडतं, आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पिस्टन पूर्ण मागे यायचा तर पेडलच्या रॉडला थोडी मोकळीक हवी. सातच्या रॉडला ती नव्हतीच. पिस्टन केसभर पुढे राहिलेला, छिद्र झाकलेलं. गाडी थंड असताना याचा काही त्रास नाही, चाक मोकळं फिरतं. दोन-तीन लॅपनंतर ब्रेक तापतात, ऑइल फुगतं, त्याला परत जायला वाट मिळत नाही, मग ते पॅड डिस्कवर दाबतं. पॅड घासले की उष्णता अजून वाढते. गाडी तासभर उभी राहिली की सगळं निवतं आणि तपासणीत गाडी निर्दोष सुटते. आमच्या सगळ्या चाचण्या सकाळी, थंड गाडीवर झाल्या होत्या.

रॉड असा कोणी आवळला, तेही नोंदवहीत होतं. नाताळच्या सुटीत शाळकरी मुलांची एक बॅच होती. त्यांचे पाय पोचावेत म्हणून सातचे पेडल मागे घेतले, म्हणजे रॉड आट्यांवर फिरवून लांब केला. बॅच संपल्यावर तो परत आखूड केला, पण पुरता नाही. शेरा होता: 'पेडल जागेवर घेतले.' अक्षर माझं.

आप्पांनी रॉड सैल केला, पेडलच्या टोकाला चार मिलिमीटर मोकळीक ठेवली आणि चेकनट आवळला. तापून तापून काळं झालेलं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं डॉट ४ भरलं. पॅड एका बाजूने तिरके झिजले होते, तेही बदलले.

क्लचचं काम त्यानंतर. तिसऱ्या क्लचच्या स्प्रिंगा उष्णतेने मऊ पडल्या होत्या. मेलेल्या स्प्रिंगा शूंना आत धरून ठेवत नाहीत, म्हणून जळालेला क्लच बऱ्याचदा लवकर धरायला लागतो, आयडलिंगलाच गाडी पुढे सरकू पाहते. सातमध्ये तो टप्पा आला होता, १६५० लाच गाडी हलत होती. लोक अशा वेळी आयडलिंग खाली आणतात आणि खूश होतात. स्प्रिंगा फेकल्या. ड्रम व्हर्नियरने चार ठिकाणी मोजला तर अंडाकृती झाला होता, तोही बाद. मालकांनी विचारलं, भोसरीत लेथवर घासून घेता नाही येणार? घासता येतो, पण निळा पडलेला ड्रम घासून पातळ केला की पुढच्या वेळी अजून लवकर तापतो आणि तडकायची भीती वाढते. आप्पांनी सरळ नाही म्हटलं. शू मात्र वाचले. लायनिंग पुरेसं जाड होतं. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून चकाकी उतरेपर्यंत हलक्या हाताने घासले, ब्रेक क्लीनरने धुतले. पेट्रोल किंवा डिझेलने धुवायची सवय पुष्कळांना असते. डिझेल तेलकट थर ठेवतं, आणि पेट्रोलने कधी ना कधी गॅरेज पेटतं. लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि कुठलंही असलं तरी ती धूळ छातीत घ्यायची गोष्ट नाही.

नवा ड्रम, नव्या मूळ स्प्रिंगा, जुने शू. बुशला तीन थेंब तेल, मोजून. पहिली दहा मिनिटं गाडी निवांत चालवायला लावली, शू ड्रमला बसावेत म्हणून. मग सेशनमागून सेशन.

गरम असताना ओढायला लागलेला जोर सात किलोंवर आला. ड्रम १३० अंश. एप्रिलची एन्ड्युरन्स रेस झाली, मेची झाली, जूनमध्ये पावसाने ट्रॅक बंद होईपर्यंत गाडी त्याच क्लचवर होती. ताणकाटा आता पिटच्या खांबाला टांगलेला असतो. दर शनिवारी दुपारी, गाड्या गरम असतानाच, पोरगा आठही ओढून आकडे लिहितो. मेमध्ये तीन नंबरचा आकडा नऊवर गेला तेव्हा आत एक चाकाचं बेअरिंग सापडलं.

एक गोष्ट मात्र राहिली. बाकीचे ड्रम ९५ ते १२०, आणि सातचा दुरुस्तीनंतरही १३०. दहा अंशांसाठी कोण डोकं फोडतो, म्हणून सोडून दिलं होतं. पावसाळ्यात चेनी काढून धुताना मी सहज मागच्या स्प्रॉकेटचे दाते मोजले. ५८. नोंदीत ६०. दोन दाते कमी, म्हणजे सरळ रस्त्यावर थोडा जास्त वेग आणि वळणातून उठताना क्लचवर थोडा जास्त भार. कधी बदललं, कोणी बदललं, काही लिहिलेलं नाही. साठाचं आणून बसवू म्हटलं तर मालक तयार होईनात. नेहमीची गिऱ्हाइकं म्हणे आल्या आल्या विचारतात, "सात नंबर मिळेल का? ती पळते."